रेशन, ट्यूशन, पेशंट आणि काँग्रेस : हे सगळे शब्द लॅटिनच्या एकाच विचित्र गटातून आलेत

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की पवनार मागं पडतं आणि सेलू येतं. परभणी जिल्ह्यातलं सेलू वेगळं, हे वर्धा जिल्ह्यातलं. तालुक्याचं ठिकाण, आजूबाजूला कापसाची शेतं, पुढे केळझरचा गणपती आणि बाजूला बोर धरण नि बोरचं जंगल.

अशा गावात दिवसभर कानावर काय काय पडतं? रेशन आलं का. कापसाला रेट काय लागला. पोराची ट्यूशन किती वाजता सुटते. पेशंट सेवाग्रामला नेला, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. यंदा काँग्रेसकडून कोण उभं राहणार.

हे शब्द इंग्रजीतून आले, हे सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजीत ते लॅटिनमधून आले, हेही अनेकांना माहीत असतं. पण लॅटिनमध्ये हे सगळे एकाच गटातल्या क्रियापदांपासून निघालेत, आणि तो गट असा आहे की लॅटिन शिकणारी पोरं त्याच्यापाशी हमखास अडखळतात, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

रेशन आणि रेट या दोन्हींच्या मुळाशी आहे 'रेओर', म्हणजे मोजणं, हिशोब करणं, विचार करणं. ट्यूशनच्या मुळाशी 'तुएओर', म्हणजे नजर ठेवणं, सांभाळणं. (ट्यूशनची फी भरणाऱ्या आईबापांना हा मूळ अर्थ जास्त पटेल.) पेशंटच्या मुळाशी 'पातिओर', सोसणं. ऑपरेशनच्या मुळाशी 'ओपेरोर', कामाला लागणं. आणि काँग्रेसच्या मुळाशी 'कोन्ग्रेदिओर', एकत्र येणं.

सगळ्यांच्या शेवटी 'र' आहे, हे लक्षात आलं असेल. सगळा घोळ त्या 'र'मध्येच आहे.

शेवटचा 'र' काय करतो?

लॅटिनमध्ये 'कापिओ' म्हणजे 'मी पकडतो'. त्याच्या शेवटी 'र' लावला की 'कापिओर', म्हणजे 'मी पकडला जातो'. 'लाउदो' म्हणजे 'मी स्तुती करतो', 'लाउदोर' म्हणजे 'माझी स्तुती केली जाते'. सोपं आहे. 'र' नसेल तर कर्तरी, 'र' असेल तर कर्मणी.

आता वर सांगितलेली क्रियापदं बघा. रूपं सगळी 'र'वाली, म्हणजे कर्मणी. अर्थ मात्र सरळ कर्तरी. 'तुएओर' म्हणजे 'मी सांभाळतो', 'मला सांभाळलं जातं' असं नाही. आणि 'र' काढून टाकलेलं साधं रूप या क्रियापदांना नसतंच. 4थ्या शतकात रोममध्ये डोनाटुस नावाचा व्याकरणाचा शिक्षक होऊन गेला. त्याचं छोटं पुस्तक पुढे जवळपास हजार वर्षं युरोपातल्या शाळांमध्ये चाललं. त्यानं ही क्रियापदं ओळखायची खूण हीच सांगितली आहे : शेवटचा 'र' काढा, उरलं ते लॅटिन राहत नसेल तर क्रियापद या गटातलं.

या गटाला रोमन व्याकरणकारांनी नाव दिलं 'डिपोनंट'. म्हणजे 'खाली ठेवणारं', 'टाकून देणारं'. त्यांचा समज असा की या क्रियापदांचा मूळचा अर्थ कर्मणी होता, तो त्यांनी टाकून दिला आणि रूप तेवढं अंगावर राहिलं.

नाव टिकलं. समज मात्र चुकीचा होता. तो चुकीचा कसा, हे सांगायला या गटातलं सगळ्यात प्रसिद्ध क्रियापद घ्यावं लागेल. ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं, कुणाच्या तरी मनगटावर टॅटू म्हणून किंवा इन्स्टाच्या बायोमध्ये.

मेमेंटो मोरी

'मेमेंटो मोरी'चा अर्थ 'मरायचं आहे, विसरू नको'. यातलं 'मोरी' हे 'मरणं' या क्रियापदाचं मूळ रूप. आता 'कापिओ'शी ताडून बघा. 'पकडणं' हे 'कापेरे', आणि 'पकडलं जाणं' हे 'कापी'. म्हणजे 'मोरी' हे रूप 'कापी'सारखं, कर्मणीच्या साच्यातलं. नुसत्या रूपावर गेलं तर टॅटूचा अर्थ 'तुला मारलं जाणार आहे' असा काहीतरी धमकीवजा व्हायला हवा. तसा तो होत नाही, कारण 'मोरिओर' हे डिपोनंट क्रियापद आहे.

हे क्रियापद वर्तमानकाळात कसं चालतं ते खाली आहे. शेजारी संस्कृतमधलं 'मृ' धातूचं वर्तमानकाळाचं रूप ठेवलं आहे. (संस्कृतमधलं द्विवचन सोडून दिलंय, लॅटिनमध्ये ते नाही.)

मी मरतो : मोरिओर : म्रिये
तू मरतोस : मोरेरिस : म्रियसे
तो मरतो : मोरितुर : म्रियते
आम्ही मरतो : मोरिमुर : म्रियामहे
तुम्ही मरता : मोरिमिनी : म्रियध्वे
ते मरतात : मोरिउंतुर : म्रियन्ते

भूतकाळात लॅटिन दोन शब्द वापरतं. 'मोर्तुउस एस्त', म्हणजे 'तो मेला', आणि बाईबद्दल बोलायचं तर 'मोर्तुआ एस्त', 'ती मेली'. रचना पुन्हा कर्मणीचीच. 'काप्तुस एस्त' म्हणजे 'तो पकडला गेला', त्याच साच्यात 'मोर्तुउस एस्त'. भविष्यकाळात 'मोरिआर', 'मी मरेन'. आणि आज्ञार्थात तर गंमतच आहे. 'मर!' म्हणायचं तर 'मोरेरे', जे दिसायला 'कापेरे'सारखं, म्हणजे 'पकडणं' या साध्या कर्तरी मूळ रूपासारखं. अर्धी क्रियापदं एका साच्यात आणि अर्धी दुसऱ्या साच्यात पाठ केलेल्या पोराचा इथे पार गोंधळ उडतो.

असाच लॅटिनमध्ये नापास झालेला एक विद्यार्थी पुढे सेलूपासून जवळच राहायला आला.

सेवाग्रामच्या म्हाताऱ्याचा लॅटिनचा पेपर

मोहनदास गांधी बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले तेव्हा त्यांनी बरोबरीनं लंडनची मॅट्रिकची परीक्षाही द्यायची ठरवली. त्या परीक्षेत लॅटिन सक्तीचं होतं. लॅटिन वकिलाला फार उपयोगी पडतं, असं एका मित्रानंही सांगितलं होतं. पहिल्या खेपेला, 1890 च्या सुरुवातीला, ते लॅटिनमध्ये नापास झाले. त्याच वर्षी पुन्हा बसले आणि पास झाले. हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. पुढे रोमन कायद्याचा अभ्यास करताना त्यांनी जस्टिनियनचा ग्रंथ लॅटिनमधूनच वाचला आणि दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना त्याचा फायदा झाला, कारण तिथला कायदा रोमन-डच परंपरेतला होता.

1936 मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले, त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. 14 जुलै 1942 रोजी वर्ध्यात काँग्रेसच्या कार्यकारिणीनं इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला, त्यातूनच पुढच्या महिन्यात मुंबईत 'छोडो भारत' झालं. ज्या संघटनेचं नाव 'एकत्र येणं' या डिपोनंट क्रियापदापासून आलंय, तिच्या मध्यभागी बसलेल्या माणसानं तरुणपणी हीच क्रियापदं घोकली होती. लॅटिनच्या कुठल्याही परीक्षेत हा गट टळत नाही.

रोमन पंडित कुठे चुकले?

आता वरच्या तक्त्याकडे पुन्हा या. 'म्रियते' हे रूप शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ओळखीचं वाटेल, पण जरा विचित्रही. कारण 'तो करतो' हे 'करोति' आणि 'केलं जातं' हे 'क्रियते'. मग 'क्रियते'सारखं दिसणारं 'म्रियते' कर्मणी नको का? दिसायला ते कर्मणीच आहे. अर्थ मात्र 'तो मरतो'.

म्हणजे 'मरणं' हेच क्रियापद, लॅटिनमध्ये दिसायला कर्मणी आणि अर्थानं कर्तरी, संस्कृतमध्येही तसंच. हा योगायोग नाही. लॅटिन 'मोरि-' आणि संस्कृत 'म्रिय-' हे एकाच जुन्या शब्दाचे दोन वंशज आहेत.

फरक हा की रोमन व्याकरणकारांकडे या प्रकाराला 'टाकून देणारं' एवढंच नाव होतं आणि संस्कृत व्याकरणकारांकडे पूर्ण व्यवस्था होती. संस्कृत क्रियापदांचे दोन साचे असतात : परस्मैपद आणि आत्मनेपद. दुसऱ्यासाठीचं पद आणि स्वतःसाठीचं पद. याचं सगळ्यात सोपं उदाहरण आजही मराठीच्या रोजच्या वापरात आहे. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति'. ज्याच्या घरी यज्ञ आहे, ज्याला फळ मिळणार आहे, तो 'यजते'. आणि 'यजते'पासून बनलेला शब्द म्हणजे 'यजमान'. लग्नपत्रिकेत शोभणारा हा शब्द आत्मनेपदाचं जिवंत अवशेष आहे. 'वर्तमान' आणि 'विद्यमान' यांच्यातला 'मान'ही तोच.

तर काही क्रिया अशा असतात की करणारा तोच आणि परिणाम होणाराही तोच. बसणं, निजणं, मिळवणं, मानणं, मरणं. संस्कृतमध्ये आस्ते, शेते, लभते, मन्यते, म्रियते. यातल्या 'मरणं'ला तर 'करणं' म्हणावं का हाच प्रश्न आहे. मरणारा माणूस वाक्याचा कर्ता असतो, पण तो नेमकं काय करत असतो?

लॅटिनच्या पूर्वजाकडेही असाच मधला साचा होता. पुढे लॅटिननं तोच साचा कर्मणीच्या कामाला लावला. मग मधल्या साच्यातच राहिलेली जुनी क्रियापदं कर्मणीसारखी दिसू लागली. ती आधी कर्मणी होती आणि नंतर अर्थ टाकून बसली, असं झालंच नाही. उलट कर्मणीच त्यांच्या घरात नंतर राहायला आली. 19व्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांनी संस्कृत आणि लॅटिन शेजारी ठेवून पाहिल्यावर हे उलगडलं.

पाणिनीनं 'म्रियते'साठी वेगळं सूत्रच दिलंय, अष्टाध्यायीतलं 1.3.61. त्यानुसार 'मृ' धातू काही ठराविक रूपांतच आत्मनेपदी राहतो आणि बाकी ठिकाणी परस्मैपदी होतो. म्हणून 'म्रियते', पण 'मरिष्यति' आणि 'ममार'. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. लॅटिनमध्येही अशी अर्धवट क्रियापदं आहेत. आनंद होणं म्हणजे 'गाउदेओ', साधं कर्तरी रूप, आणि 'आनंद झाला' म्हणायची वेळ आली की 'गाविसुस सुम', एकदम कर्मणीचा साचा.

मग लॅटिन संस्कृतातून निघाली का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज इथं आठवला असेल. 'मोरितुर' आणि 'म्रियते', 'मातेर' आणि 'मातृ', म्हणून लॅटिन ही संस्कृतची मुलगी. मेसेजमधली उदाहरणं बहुतेक वेळा बरोबर असतात, निष्कर्ष चुकतो.

तो का चुकतो, हे याच 'र'वरून दाखवता येतं. 'मोरितुर'च्या शेवटचा 'र' संस्कृतच्या 'म्रियते'त नाही. तो लॅटिननं मागाहून बनवला असं म्हणावं, तर तसाच 'र' आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती भाषेच्या मातीच्या पाट्यांवर आहे, आणि जुन्या आयरिश भाषेतही आहे. हित्ती पाट्या लॅटिनच्या सगळ्यात जुन्या लेखांपेक्षा शेकडो वर्षं आधीच्या. संस्कृतमध्ये या 'र'चा नुसता माग उरलाय, तोही 'शेते'च्या अनेकवचनी 'शेरते'सारख्या थोड्या रूपांत. लॅटिनला जे आईकडून मिळायला हवं होतं, ते तिच्याकडे जास्त आणि तथाकथित आईकडे कमी, असं कसं होईल? दोघी बहिणी आहेत. आई त्यांच्याही आधीची, आणि तिचं लिहिलेलं एक अक्षरही शिल्लक नाही. विल्यम जोन्सनं 1786 मध्ये कलकत्त्याच्या भाषणात हाच अंदाज मांडला होता.

या घराण्याचा पसारा बघायचा तर फार लांब जायला नको. फारसीतून मराठीत आलेले 'मुर्दा' आणि 'मर्द' हे दोन्ही याच मुळातले. मुर्दा कळतं, पण मर्द? मर्द म्हणजे मुळात 'मर्त्य', मरणारा. इंग्रजीतला 'मर्डर' त्याच मुळाचा. 'अमृत'ही त्याचाच.

आणि आता सोसायटीची गोष्ट. आणखी एक प्रसिद्ध डिपोनंट क्रियापद आहे 'सेक्वोर', म्हणजे मागोमाग जाणं, सोबत जाणं. 'सेकंड' हा शब्द त्यातून आला, पहिल्याच्या मागून येणारा तो सेकंड. संस्कृतमध्ये त्याची बहीण 'सचते', तीही आत्मनेपदी. याच मुळातून लॅटिनमध्ये 'सोकिउस', सोबती, आणि त्यातून 'सोसायटी'. संस्कृतमध्ये 'सचते'च्या मुळातून 'सचिव', म्हणजे मुळात सोबत असणारा, साथीदार. गावात पीककर्जासाठी 'सोसायटीच्या सचिवाला' शोधणारा शेतकरी एकाच मुळाचे दोन शब्द एका दमात बोलून जातो, एक रोमहून लंडनमार्गे आलेला आणि एक इथलाच.

साचा गेला, मेला राहिला

प्राकृतात आत्मनेपद जवळपास संपलं. 'म्रियते'च्या जागी 'मरइ' आलं, साध्या क्रियापदांसारखं. त्यातूनच मराठीचं 'मरे' आणि पुढे 'मरतो'. आश्चर्य म्हणजे लॅटिनच्या लेकींनीही हेच केलं, इकडचं काही माहीत नसताना. इटालियनमध्ये 'तो मरतो' हे 'मुओरे', फ्रेंचमध्ये 'मर', स्पॅनिशमध्ये 'मुएरे'. शेवटचा 'र'वाला जुना प्रत्यय कुठेच नाही, सगळी रूपं साधी कर्तरी. बोलणाऱ्यांना दोन साचे सांभाळायचा कंटाळा येतो, मग गंगेकाठी असोत की टायबरकाठी.

भूतकाळ मात्र दोन्हीकडे चिवट निघाला. संस्कृत 'मृत', प्राकृतात 'मय', त्याला 'इल्ल' प्रत्यय लागून मराठीचं 'मेला'. 'गत'चं 'गय' होऊन 'गेला' आणि 'कृत'चं 'कय' होऊन 'केला', तसंच. म्हणून मराठीत 'मरला' न म्हणता 'मेला' म्हणतात, लहान मुलं सुरुवातीला 'मरला' म्हणून बघतात ते सोडा. इटालियनमध्ये 'मोर्तो' आणि 'मोर्ता', मराठीत 'मेला' आणि 'मेली'. दोन्हीकडे हा शब्द मुळात क्रियापदापासून बनलेलं विशेषण आहे, म्हणून लिंगाप्रमाणे बदलतो. आणि विशेषण असल्यामुळेच तो शिवीतही चालतो, लाडातही. 'मेल्या, कुठे होतास' यात कुणी मेलेलं नसतं.

चहा घेतला की चहा प्यायली?

इथपर्यंत आलेल्यांसाठी खरी गंमत आता आहे. 'दिसायला कर्मणी, अर्थानं कर्तरी' हा प्रकार परका वाटत असेल तर 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य बघा. संस्कृतमध्ये ते 'रामेण आम्रः खादितः', म्हणजे 'रामाकडून आंबा खाल्ला गेला'. रचना सरळसरळ कर्मणी. मराठीनं ती तशीच उचलली, म्हणून तर आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, बोर खाल्लं. क्रियापद रामाकडे बघतच नाही. पण मराठी माणसाला हे वाक्य ऐकून 'आंब्याला काहीतरी झालं' असं वाटत नाही, 'रामानं काहीतरी केलं' असंच वाटतं. लॅटिनमध्ये एका गटापुरतं जे दिसतं, ते मराठीनं भूतकाळातल्या बहुतेक सगळ्या सकर्मक क्रियापदांना लावून टाकलं आहे.

बहुतेक सगळ्या. कारण काही क्रियापदं ऐकत नाहीत. 'तिने चहा घेतला', पण 'ती चहा प्यायली'. चहा तोच, कप तोच. 'त्याने धडा वाचला', पण 'तो धडा शिकला'. 'तिने निरोप सांगितला', पण 'ती निरोप विसरली'. 'तो खोटं बोलला', 'तो काहीतरी म्हणाला'. कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्याला चिकटून राहतं. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून आजच्या स्पर्धा परीक्षांच्या गाईडपर्यंत सगळीकडे ही यादी 'अपवाद' म्हणून येते. पोरं ती पाठ करतात. एमपीएससीच्या तयारीत प्रयोग ओळखायचा प्रश्न असला की याच क्रियापदांवर मार्क जातात.

पण यादीतली क्रियापदं एकत्र ठेवून बघितली की ती अगदीच मनाला येईल तशी जमलेली वाटत नाहीत. पिणं, जेवणं, शिकणं, विसरणं, समजणं, मुकणं. सगळ्यांत क्रिया करणाऱ्याच्याच आत काहीतरी होतं. चहा पोटात जातो, धडा डोक्यात राहतो, निरोप डोक्यातून जातो. 'घेणं' आणि 'वाचणं' यांत तेवढं होईलच असं नाही. घेतलेला चहा टेबलावर गार होऊ शकतो.

लॅटिनच्या डिपोनंट गटात बघा : विसरणं 'ओब्लिविस्कोर', बोलणं 'लोक्वोर', रागावणं 'इरास्कोर', भिणं 'वेरेओर', जन्मणं 'नास्कोर'. मराठीच्या यादीशी काही ठिकाणी नेमकी गाठ पडते. हा वारसा नाही, मराठीची ही क्रियापदं प्राकृताच्या काळानंतर आपल्या वाटेनं आली. आणि गाठ सगळीकडे पडतही नाही. 'वापरणं' लॅटिनमध्ये डिपोनंट आहे, 'उतोर', पण मराठीत ते आज्ञाधारक : 'त्याने वापरलं'. उलट 'शिकणं' मराठीत बंडखोर आणि लॅटिनमध्ये साधं. म्हणून 'करणाऱ्यालाच होणारी क्रिया' हा पक्का नियम मानता येत नाही. पण नुसतं 'अपवाद' म्हणून सोडून देण्यापेक्षा ते समजायला बरं पडतं.

याची सगळ्यात चांगली साक्ष जेवण्यापिण्यातच आहे. मराठीत 'केलेलं काम' म्हणजे जे केलं गेलं ते काम. पण 'प्यायलेला माणूस' म्हणजे कुणी पिऊन टाकलेला माणूस नव्हे, त्यानंच प्यायलीय. लॅटिनमध्ये 'पोतुस' हा शब्द अगदी असाच. 'पिणं' तिथं डिपोनंट नाहीही, तरी 'पोतुस' म्हणजे पिऊन आलेला. 'केनातुस' म्हणजे जेवलेला, 'प्रान्सुस' म्हणजे दुपारचं उरकून आलेला. लॅटिन शिक्षक ही रूपं वर्गात अपवाद म्हणून सांगतात. संस्कृतमध्येही पतंजलीच्या महाभाष्यात पाणी प्यालेल्या गायींना 'पीत' आणि जेवून उठलेल्या ब्राह्मणांना 'भुक्त' म्हटलेलं आहे, आणि हे शब्द कर्मणी असून कर्त्याला कसे लागले याची चर्चा व्याकरणकारांनी पुढे बराच काळ केली. तीन भाषा, तीन वेगळे काळ, आणि प्रत्येक ठिकाणी व्याकरणाच्या पंडितांना नेमका खाण्यापिण्यानंच त्रास दिलाय.

मराठीतही हे सगळं अजून पूर्ण स्थिरावलेलं नाही. सोलापूरकडे 'मी काम केलो' सर्रास ऐकू येतं, म्हणजे तिथं 'करणं'सुद्धा 'जेवणं'च्या रांगेत जाऊन बसलंय. पुस्तकी मराठी त्याला चूक म्हणते.

सेलूच्या बाजूला ओळखीचा माणूस दुपारी भेटला की पहिला प्रश्न असतो, 'जेवला काय गा?' बाई असेल तर 'जेवली काय?' समोरचा म्हणतो 'जेवलो', समोरची म्हणते 'जेवली'. रोममध्ये संध्याकाळी भेटलेल्याला कुणी 'केनातुस एस?' विचारलं असतं आणि बाईला 'केनाता एस?', तर रचना हीच झाली असती : जेवलेला आहेस? जेवलेली आहेस? काय जेवलं, ते वाक्यात कुठेच नाही.